दुसरा ब्रेक

आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षांत साडेचार हजार माणसांना गाडी शिकवली. त्या साडेचार हजारांत मी नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा विचारून पाहिलं होतं, तर म्हणाले, "घरात एक ड्रायव्हर पुरे." पुढे मी विचारायचंच सोडलं. ऑफिसात टेबलाशी बसून मी फॉर्म भरते, शिकवणीच्या वेळा लावते, लेखी परीक्षेचे प्रश्न लोकांकडून घोकून घेते. रस्त्यावरची कुठलीही खूण मला झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. परवाना तेवढा नाही.

ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मीही मनातल्या मनात मास्तरच म्हणते, तोंडाने 'अहो'. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला तर मास्तरने दाबायला. बाकीचे मास्तर तो चौकाचौकात दाबत सुटतात. आमचे दाबत नाहीत. "चांगला मास्तर पाय वापरत नाही, आवाज वापरतो," हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. बढाई असली तरी खोटी नाही. त्यांनी त्यांच्या त्या ठरावीक पट्टीत 'ब्रेक!' म्हटलं, की शिकणाऱ्याचा पाय त्याला न विचारता खाली जातो. त्यांचं आणखी एक वचन आहे: 'गाडी चुकली तर आधी आपला पाय कुठे आहे ते बघा.' ते तर भिंतीवर रंगवून घेतलंय, माझ्या खुर्चीच्या बरोबर वर.

आमच्याकडे गाडी म्हणजे ती शिकवणीचीच. कुठे जायचं असलं तर हे चालवणार आणि मी शेजारी, मास्तरच्या जागेवर बसणार. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पाय मागे घे. तिथे ब्रेक आहे, खेळणं नाही." तेव्हापासून मी पाय दुमडून सीटखाली घेऊन बसते. गुडघे दुखतात त्याला डॉक्टर वय म्हणतात. मला दुसरंच कारण माहीत आहे.

त्या दुपारी माझे दीर निवृत्त झाले म्हणून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ह्यांनी एक ग्लास बिअर घेतली. एकच. तीही दिरांनी हातात कोंबली म्हणून, असं हे सांगतात. मी पाहिलं तेव्हा ग्लास स्वतःच भरत होते, पण ते जाऊ दे. साडेतीनला आम्ही निघालो. उन्हं लख्ख होती, रस्ता मोकळा होता. दिरांच्या भाषणाची नक्कल करण्यात ह्यांचा एक हात हवेत होता. बसथांब्यापाशी रस्ता वळतो. रस्ता वळला, आम्ही नाही वळलो.

समोर थांब्याचा बाक. बाकावरची म्हातारी बस दिसते का बघायला नुकतीच उठून दोन पावलं मागे गेली होती. ह्यांनी पाहिलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि म्हणाले, "ब्रेक!"

तीच पट्टी. खणखणीत, स्पष्ट. पाय मात्र होता तिथेच राहिला.

हे मला नंतर कळलं. अठ्ठावीस वर्षं हा माणूस 'ब्रेक' म्हणतोय आणि पाय दुसऱ्याचा हलतोय. त्या दिवशी दुसरं कोण होतं? मीच. मी विचार वगैरे काही केला नाही. सीटखालचे दोन्ही पाय पुढे गेले आणि मी त्या पेडलवर जवळजवळ उभीच राहिले. गाडी फुटपाथवर चढली, बाक आडवा केला आणि थांबली. म्हातारी तिथून हातभर अंतरावर होती. तिच्या हातातली पिशवी पडली, बाकी काही नाही.

हवालदार दोन मिनिटांत आला. चष्मेवाला, किडकिडीत, बोलणं हळू. काच खाली केल्याबरोबर त्याचं नाक हललं. ह्यांना मशीनमध्ये फुंकायला लावलं. मर्यादा तीसची, आकडा आला अठरा.

"बघा!" हे म्हणाले. जणू परीक्षेत पहिले आले.

"दारूची केस होत नाही," हवालदार म्हणाला. "पण बाक काही आपणहून आडवा झालेला नाही." आणि त्याने चलान फाडलं: निष्काळजीपणे वाहन चालवणे.

दुसरा कोणी असता तर खिडकीवर दंड भरून घरी गेला असता. पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, आणि एवढा एक गुन्हा नोंदला गेला की शिकवायचा परवाना पाच वर्षांसाठी रद्द. हे छप्पन्न वर्षांचे आहेत. पाच वर्षांनी शटर उघडायला कोण राहणार, आणि उघडलं तरी आत यायला कोण? म्हणून ह्यांनी ठरवलं, लढायचं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडे शहाण्यांचा तुटवडा होता, शिवाय पर्यायही नव्हता.

घरी येईपर्यंत माझा उजवा घोटा सुजून भोपळा झाला होता. मी स्टुलावर पाय ठेवून बर्फ लावत बसले होते आणि हे फोनवर दिरांना सांगत होते, "पाय आपोआप गेला रे! डोक्याला कळायच्या आत. अठ्ठावीस वर्षांची सवय आहे, चेष्टा नाही." फोन ठेवला, माझ्याकडे वळले. "मुरगळला वाटतं धक्क्याने. मी नेहमी सांगतो, गाडीत नीट बसत जा."

मला वाटलं, घाबरलेत, उद्या बोलतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, लाज वाटत असेल, रविवारी बोलतील. रविवार गेला. मला आभार नको होते. ह्यांनी आजवर कोणाचे मानलेत? मला एक वाक्य हवं होतं. 'बरं झालं तू दाबलास.' बस. दोन माणसांच्या घरात, दार लावून, हळू आवाजात म्हटलं असतं तरी चाललं असतं. आयुष्यात मी एकच मोठी गोष्ट केली होती, एका म्हातारीचा जीव वाचवला होता, आणि ती पाहणारा एकच माणूस होता.

पंधरा दिवस वाट पाहून शेवटी मीच विचारलं. जेवताना.

"अहो, त्या दिवशी ब्रेक कोणी दाबला?"

ह्यांनी घास गिळला. "म्हणजे काय? मी."

"आणि माझा घोटा?"

"तुझाही पाय लागला असेल चुकून. पाय मागे ठेव म्हणून सांगतो ते ह्यासाठीच. मीठ दे."

मी मीठ दिलं. आणखी काय करणार होते?

ज्या वकीलबाई आम्ही धरल्या त्यांची केबिन एवढीशी, फायलींनी गच्च भरलेली. त्या हुशार होत्या, भरभर बोलायच्या. "हे बघा मास्तर, दोन गोष्टी. एक, आकडा मर्यादेच्या आत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही प्यायलाच नव्हता. दोन, बाकावरच्या त्या आजी म्हणतात गाडी हातभर अंतरावर थांबली. थांबली म्हणजे ब्रेक वेळेवर लागला. वेळेवर ब्रेक लावणारा माणूस निष्काळजी कसा? पण गाडी वळली का नाही?"

"कुत्रं आडवं आलं," हे म्हणाले.

कुत्रं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"ठीक. आता एक अडचण. शिकवणीची गाडी आहे, शेजारी दुसरा ब्रेक आहे, आणि शेजारी ह्या बसल्या होत्या." वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "समोरचा वकील विचारणार, ब्रेक नक्की कोणी दाबला? ह्यांनी दाबला असेल तर आपली केस पाण्यात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"शिकवणी नसली की दुसरा ब्रेक मी बंद ठेवतो," हे म्हणाले. "खिट्टी असते त्याला. खिट्टी घातली की पेडल हलतच नाही."

खिट्टी होती, हे खरं. गाडीबरोबर आली होती. ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या रबरी शिक्क्यांच्या खाली गंजत पडली होती, एकदाही लावलेली नव्हती. त्या संध्याकाळी ह्यांनी ती शोधून काढली, तेल लावून पुसली, कागदावर ठेवली आणि मला म्हणाले, "तुला विचारतील. बंद होता म्हणायचं, बस. जास्त बोलू नकोस."

मी नाही म्हणू शकत होते. खूप विचार केला. मला ह्यांचा राग होता, पण आमच्या शटरचा नव्हता. ते टेबल माझंही होतं. लेखी परीक्षेत तीनदा नापास झालेली माणसं चौथ्यांदा पास होऊन पेढ्यासारखं तोंड करून आधी माझ्याकडे येतात, ह्यांच्याकडे नाही. शिवाय आत कुठेतरी एक खुळी आशा होती. वाटायचं, हे एवढं केलं त्यांच्यासाठी, तर सुटल्यावर तरी म्हणतील. कोर्टात नको, गाडीत म्हणतील.

सात महिन्यांनी तारीख लागली. तेवढ्या काळात ह्यांनी बिअरचा थेंब शिवला नाही. लोकांना सांगताना मात्र प्रत्येक वेळी ब्रेक थोडा आणखी आधी लागत गेला. शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं, हे खोटं बोलत नाहीत; ह्यांना खरंच तसं आठवतं. खोट्या माणसाशी भांडता येतं. असल्या माणसाशी कसं भांडायचं?

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा. आधी हवालदाराची साक्ष. आमच्या वकीलबाईंनी त्याला धारेवर धरलं. "वास आला म्हणूनच चलान फाडलंत ना?"

"वास आला म्हणून मशीन काढलं," तो म्हणाला. "बाक मोडला म्हणून चलान फाडलं."

"वास आला नसता तर ताकीद देऊन सोडलं असतंत?"

खरं बोलणाऱ्याची पंचाईत होते तशी झाली त्याची. "कदाचित," म्हणाला. वकीलबाईंचा चेहरा खुलला. खाली उतरता उतरता तो न विचारता म्हणाला, "बाई गाडीतून उतरताना लंगडत होत्या, तेही मी लिहिलंय." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मी दिलं.

मग मी. शपथ घेतली. सरकारी वकील तरुण होता, नीट बोलत होता.

"तुमच्या पायाशी ब्रेक असतो?"

"असतो."

"तो त्या दिवशी कोणी दाबला?"

"तो बंद होता. खिट्टी घातलेली होती."

"मग गाडी कोणी थांबवली?"

समोर हे बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर. डोळ्यांत भीती होती, हे मान्य करते. मी म्हणाले, "ह्यांनी."

एवढ्यावर भागलं असतं. पण वकीलबाईंना वाटलं, वरून एक खिळा ठोकावा. उठल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "साक्षीदार बाईंना गाडी चालवता येत नाही. त्यांच्याकडे परवाना नाही, त्यांनी कधी शिकण्याची इच्छाही दाखवली नाही. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी क्षणार्धात गाडी थांबवली ही कल्पनाच हास्यास्पद आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान हलवत होते. हसत होते, थोडंसं. भीती गेली होती आणि तिच्या जागी ते हसू आलं होतं. अठ्ठावीस वर्षं ब्रेक आणि क्लचमधला फरक लोकांच्या डोक्यात घालणारी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती, आणि तिचा नवरा ती मूर्ख आहे ह्याला माना डोलवत होता. 

निकाल तिथल्या तिथे लागला. संशयाचा फायदा ह्यांना मिळाला. उरलेला संशय मी घेऊन बाहेर आले, आणि पर्समध्ये ती खिट्टी. पुरावा म्हणून दाखवून झाल्यावर ह्यांनी माझ्याकडेच दिली होती, शर्टाच्या खिशाला तेलाचा डाग पडेल म्हणून.

कोर्टाच्या आवारात फाटकाजवळ गाडी लावली होती. आम्ही बसलो. मी पाय मागे घेतले. म्हटलं, आता बोलतील. अजूनही म्हटलं, बघा. आशा म्हणजे किती निर्लज्ज वस्तू असते.

ह्यांनी गाडी चालू केली. "पाहिलंस? सत्य कधी लपत नाही!" माझ्याकडे वळून बोलत होते, गाडी पुढे सरकत होती. "त्या हवालदाराचं तोंड कसं झालं! कदाचित म्हणतोय. उद्या सगळ्यांना सांगतो, आकडा अठरा होता, वीस असता तरी माझा पाय चुकला नसता. पाय आपला जागेवर असला ना, की..."

फाटकाचा लोखंडी खांब समोर होता. पिवळा, त्यावर पाटी: सावकाश.

हे समोर वळले. पाहिलं. "ब्रेक!" म्हणाले.

अर्धा सेकंद असेल. तेवढ्यात मी दोन गोष्टी पाहिल्या. समोर माणूस नव्हतं, गाडीला वेग नव्हता. आणि माझे पाय मागे होते. मी ते तिथेच ठेवले. नुसते ठेवले नाहीत. एकावर एक दाबून धरले, कारण ते पुढे जायला निघाले होते.

खांब वाकला नाही. आमचं बॉनेट वाकलं, एक दिवा फुटला. गाडी बंद पडली. आवारातली माणसं वळून बघायला लागली. फाटकाशी चहा पीत उभा असलेला चष्मेवाला हवालदार कप कट्ट्यावर ठेवून आमच्याकडे आला.

हे कधी बाहेर उतरले, कधी माझ्या बाजूचं दार उघडलं, मला कळलंच नाही. स्वतःच्या पायांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझ्या पायांकडे बोट दाखवून ओरडले, सगळ्या आवारात ऐकू जाईल असे:

"पाय कुठे होते तुझे? आज का नाही दाबलास ब्रेक? त्या दिवशी बरा दाबलास!"

सात महिने मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे. मिळालं एकदाचं. शिवी घालावी तसं मिळालं, पण शब्द तेच होते. मला आनंद झाला का? झाला. आणि त्याच क्षणी डोळ्यांसमोर आमचं शटर आलं, माझं टेबल आलं, आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम होतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. बोट तसंच हवेत राहिलं. मागे हवालदार उभा होता, पायऱ्यांवर सरकारी वकील उभा होता आणि त्याच्या शेजारी आमच्या वकीलबाई, फाईल छातीशी धरून.

हवालदाराने मशीन काढलं. ह्यांनी फुंकलं. फुंकतानाही माझ्याकडेच बघत होते. हवालदाराने आकडा पाहिला, मग मशीन वळवून मलाही दाखवलं. शून्य.

त्याने वही काढली, पेनचं टोपण उघडलं, आणि ह्यांना सोडून मला विचारलं, "ताई, कारण काय लिहू?"

"अगं, सांग ना त्याला," हे म्हणाले. आवाजात आता पट्टी नव्हती. "सांग, कुत्रं..."

मी गाडीतून उतरले. या वेळी लंगडत नव्हते. पर्समधली खिट्टी काढून बॉनेटवर ठेवली.

"हे आत्ता जे ओरडले ना," मी म्हणाले, "तेच लिहा. शब्द न् शब्द."